पायलटला पेट्रोलचा काटा दिसत नाही का?

प्रश्न असा होता: "गाडीला असतो तसा विमानालाही पेट्रोलचा काटा असणारच ना, मग हवेत पेट्रोल संपून छोटं विमान पडतं म्हणजे पायलट बघत नाही की काय? आणि इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी २० वर्षांच्या वर मुलांना उडायला शिकवतोय, बहुतेक सगळं सेसना १५२ आणि १७२ या छोट्या विमानांवर, आणि पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी हे विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काट्याचं बघू. छोट्या विमानात पेट्रोलच्या टाक्या पंखात असतात, डावीकडे एक उजवीकडे एक, आणि त्या उभट नसतात, पंखाच्या आकाराच्या चपट्या पसरट असतात, परातीसारख्या म्हणा. आता परातीत दोन तांबे पाणी ओता आणि परात जरा कलती करा, सगळं पाणी एका कडेला जातं, दुसरी कड कोरडी. त्या पाण्यावर एक फ्लोट तरंगतोय आणि त्या फ्लोटच्या दांडीवर काटा हलतोय अशी कल्पना करा. विमान वळलं, नाक वर केलं, मेच्या दुपारी खानदेशात हवा उकळायला लागली आणि विमान हिंदकळलं, की काटा पाव आणि अर्धा यांच्यामध्ये नाचत राहतो. विमानाला मंजुरी देण्याच्या अमेरिकन नियमात काट्याने उड्डाणात पेट्रोल दाखवावं असं आहेच, पण नेमकं बोट ठेवलंय ते शून्यावर, विमान सरळ पातळीत उडत असताना वापरण्याजोगं पेट्रोल संपलं की काटा शून्यावर असला पाहिजे. म्हणजे काट्यावर सगळ्यात जास्त भरवसा कधी, तर सांगून उपयोग उरत नाही तेव्हा. म्हणून आमच्याकडे काटा हा साक्षीदार आहे, हिशेब नाही. हिशेब करायचा घड्याळाने आणि टाकीत काठी बुडवून, तिला आम्ही डिपस्टिक म्हणतो, आणि तो जमिनीवर करायचा.

दुसरी गोष्ट, "पेट्रोल संपलं" या एका वाक्यात दोन वेगळे अपघात असतात. एकात टाक्या खरंच कोरड्या होतात, त्याला फ्युएल एक्झॉस्चन म्हणतात. दुसऱ्यात विमानात पेट्रोल असतं पण इंजिनपर्यंत पोचत नाही, त्याला फ्युएल स्टार्व्हेशन. उदाहरणार्थ डाव्या टाकीवर उडत राहिलात, ती संपली, उजवीत अजून तासभराचं पेट्रोल आहे पण सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी खिट्टी, फिरवला नाही. पेट्रोल शेजारीच असताना माणसं गेलेली आहेत, आणि मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त अस्वस्थ करतो. त्यातलाच एक अपघात मी दर बॅचला पूर्ण उलगडून सांगतो, तोच इथे सांगतो कारण त्यात सगळं आहे.

१२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर, वय ५३, संध्याकाळी एकटाच आपलं नवीन घेतलेलं छोटं विमान घेऊन निघाला. नवशिका नव्हता हं, २७०० तासांच्या वर उडालेला माणूस होता. विमान होतं लाँग-ईझी, बर्ट रुटानचं डिझाइन. हे विमान कारखान्यातून आलेलं नाही, नकाशे विकत घेऊन लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बांधलेलं. दिसायला विचित्र, छोटा पंख पुढे, मोठा मागे, इंजिन आणि पंखा पाठीमागे, पायलट जवळजवळ आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसतो आणि कंट्रोलची दांडी उजव्या हाताला. डेन्व्हरने हे कुणीतरी बांधलेलं विमान सेकंडहँड घेतलं होतं. आदल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्याच सांता मारियाला त्याचं अर्ध्या तासाचं चेकआउट फ्लाइट, म्हणजे नव्या विमानाची ओळख करून देणारं उड्डाण, झालं आणि तो ते मॉन्टेरेला घेऊन आला. म्हणजे या विमानावरचा त्याचा अनुभव जेमतेम एवढाच.

आता सिलेक्टर. रुटानच्या नकाशात तो पुढे, पायलटच्या दोन पायांच्या मध्ये आहे, हात खाली नेला की सापडतो. ज्याने हे विमान बांधलं त्याला पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटच्या आत नको होत्या, आत गळती झाली तर आग लागेल म्हणून. हेतू चांगलाच होता, पण त्यापायी त्याने व्हॉल्व्ह मागे इंजिनच्या बाजूला नेला आणि त्याचा दांडा पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे भिंतीवर आणला. त्यावर डावी कुठली, उजवी कुठली, बंद कुठे, काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि दांडा ज्या दिशेला वळवायचा त्याचा टाकीच्या बाजूशी मेळ नव्हता. पेट्रोल दाखवणाऱ्या काचेच्या पट्ट्या मागच्या सीटच्या बाजूला, त्यांच्यावरही खुणा नाहीत, पायलटला मान वळवूनही धड दिसणार नाहीत.

निघण्याआधी हँगरमध्ये एक टेक्निशियन त्याच्यासोबत होता. दोघांनी दांडा हाताशी येईना म्हणून त्याला व्हाइस-ग्रिप पक्कड लावून लांब करायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग टेक्निशियनने त्याला एक छोटा आरसा दिला, खांद्यावरून मागच्या काचपट्ट्या बघायला. त्यात दिसलं ते असं की उजवीत अर्ध्यापेक्षा कमी, डावीत पावापेक्षा कमी. भरून देऊ का विचारलं तर तो म्हणाला नको, तासभरच उडणार आहे. आणि टाकी बदलायची वेळ आलीच तर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि मग मागे वळून दांडा फिरवीन, असंही त्याने सांगितलं.

इथे थांबून एक सांगतो. या सगळ्यात मूर्खपणा कुठेच नाहीये. अडचण त्याच्या लक्षात आली होती, त्यावर त्याने उपायही शोधला होता, आणि तो उपाय ५००० फुटांवर चालला सुद्धा असता. मुलांना मी हेच दाखवतो, की अपघाताच्या आधीचं संभाषण ऐकलं तर ते अगदी शहाण्या माणसांचं वाटतं.

उडाल्यावर त्याने धावपट्टीवर तीन वेळा टच-अँड-गो केलं, म्हणजे चाकं टेकवून परत उचललं, आणि मग किनाऱ्याच्या बाजूला गेला. साधारण ५ वाजून २८ मिनिटांनी पॅसिफिक ग्रोव्हजवळ पॉइंट पिनोसच्या समोर, ३५० ते ५०० फुटांवर असताना लोकांनी त्याला पाहिलं. काहींना फट्ट असा आवाज आला, काहींना इंजिनचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला, मग विमान जरा कलंडलं आणि नाक खाली करून थेट समुद्रात गेलं, किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर.

तपास एनटीएसबीने केला, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने. त्यांनी तसंच विमान आणून त्यात पायलट बसवून बघितलं की हा दांडा फिरवायचा तर काय काय करावं लागतं. उजवा हात कंट्रोलवरून काढायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, कमरेतून डावीकडे जवळजवळ काटकोनात वळायचं आणि मग मागे हात घालायचा. आणि तसं वळताना शरीराला आधार लागतो म्हणून उजवा पाय आपोआप समोरच्या पेडलवर रेटला जातो. उजवं पेडल म्हणजे उजवा रडर, विमानाचं नाक उजवीकडे वळवणारं सुकाणू! त्यात डेन्व्हरचे पाय पेडलपर्यंत नीट पोचावेत म्हणून त्याने पाठीमागे उशी घेतलेली होती. म्हणजे हातात कंट्रोल नाही, डोळे मागे, पाय न कळत विमानाला वळवतोय आणि खाली ५०० फूट सुद्धा नाहीत. व्हॉल्व्ह नंतर पाण्यातून काढला तेव्हा तो धड कुठल्याच टाकीवर नव्हता, मधल्या अवस्थेत होता. रक्तात दारू वगैरे काही सापडलं नाही, हे मुद्दाम लिहितो कारण त्याच्याबद्दल तशा गोष्टी खूप पसरल्या होत्या.

एनटीएसबीच्या निष्कर्षात विमानावरचा ताबा सुटणं आहेच, दांडा फिरवण्याच्या नादात लक्ष गेलं आणि उजवा रडर दाबला गेला म्हणून. पण त्याच्या बरोबरीने कारण म्हणून लिहिलंय की उड्डाणाआधीची तयारी अपुरी होती, पेट्रोल भरलं नाही. शिवाय बांधणाऱ्याने सिलेक्टर अवघड जागी आणि बिनखुणेचा ठेवला, काचपट्ट्यांवर खुणा नव्हत्या, या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण पुरेसं झालं नव्हतं, अनुभव कमी होता, हेही नोंदवलंय. टाक्या भरायला १५-२० मिनिटं गेली असती. भरल्या असत्या तर तासाभराच्या फेरीत त्या दांड्याला हात लावायची गरजच पडली नसती.

आमच्याकडे शिकवायच्या विमानांचं सुदैवाने सोपं आहे. सेसनाचे पंख वर असतात, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. १५२ मध्ये तर निवडायचंच काही नाही, एक चालू-बंदचा व्हॉल्व्ह, दोन्ही टाक्या एकदमच. १७२ मध्ये डावी, उजवी आणि दोन्ही, आणि आपण जवळजवळ कायम दोन्हीवर ठेवतो. पायपर कंपनीच्या शिकाऊ विमानांचे पंख खाली, तिथे दोन्ही असा पर्यायच नाही, एकतर डावी नाहीतर उजवी, दर अर्ध्या तासाने बदलत राहायची. सेसनावर शिकलेला मुलगा पायपरवर गेला की पहिले काही तास मी त्याच्या कानाशी हेच बडबडत असतो, कारण हाताला सवय नसते, आणि नवीन विमानावर आपण चुकतो ते सवयीमुळेच चुकतो.

आता टाक्या खरंच कोरड्या कशा होतात तो हिशेब. सेसना १५२ मध्ये वापरता येण्याजोगं पेट्रोल २४.५ अमेरिकन गॅलन, म्हणजे ९२-९३ लिटर. तासाला साधारण ६ गॅलन जातं. म्हणजे चार तास झाले, खूप आहे की, असं वाटतं. पण हे ६ गॅलन कधी, तर मिक्श्चर नीट लीन केलं तर, म्हणजे वर गेल्यावर हवा विरळ होते तसं पेट्रोलचं प्रमाण कमी केलं तर. बरीच मुलं घाबरून मिक्श्चरचा लाल नॉब पूर्ण आत, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण सगळ्यात जास्त, ठेवूनच उडतात, मग तेच इंजिन तासाला ७ च्या वर पितं. चार तासांचे साडेतीन तिथेच झाले.

मग वारा. समजा १८० नॉटिकल मैल जायचंय, विमानाचा वेग ९० नॉट, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैल, म्हणजे २ तास, १२ गॅलन. आता पश्चिमेकडे तोंड करून चाललात आणि समोरून २५ नॉटचा वारा आहे, जो पावसाळ्याच्या आगेमागे आपल्याकडे सहज असतो. जमिनीवरचा वेग झाला ६५. तेच अंतर आता २ तास ४६ मिनिटं, साडेसोळा गॅलनच्या वर पेट्रोल. नकाशावर अंतर तेवढंच, विमान तेच, पायलट तोच. वारा अंदाजापेक्षा जास्त निघाला हे अर्ध्या वाटेत कळतं, चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या आधी ठरवलेल्या खुणेवर, पोचायला चार मिनिटं उशीर झाला, पुढच्याला आठ, आणि ही मिनिटं कागदावर लिहिली नाहीत तर ती जाणवतच नाहीत. म्हणून मी प्रत्येक चेकपॉइंटला वेळ लिहायला लावतो. टॅबलेट, जीपीएस सगळं आहे हो आता, तरी पेन्सिलने.

मग वजन. १५२ चं जास्तीत जास्त टेक-ऑफ वजन १६७० पाउंड. रिकामं विमान साधारण ११५० पाउंडाचं धरा. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी दोघंही ९० किलोचे असतील तर जवळपास ४०० पाउंड तिथेच गेले, उरले १२० च्या आसपास, आणि पेट्रोल गॅलनला ६ पाउंड, म्हणजे २० गॅलन. टाक्या फुल करताच येत नाहीत. हे फार लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं पायलट आळशीपणाने टाकी अर्धी ठेवतो. खरं म्हणजे रोजच्या उडण्यात पेट्रोल किती हा निर्णय वजन, उन्हाळ्यातली विरळ हवा, धावपट्टीची लांबी, आणि जिथे उतरणार तिथे पेट्रोल मिळतं की नाही या सगळ्यांच्या मधोमध घ्यायचा असतो. आमचं पेट्रोल म्हणजे एव्हगॅस, निळ्या रंगाचं, ते मोठ्या जेट विमानांच्या एटीएफ या इंधनासारखं सगळीकडे मिळत नाही, छोट्या स्ट्रिपवर, म्हणजे छोट्या धावपट्टीवर, ते बॅरलमधून येतं नाहीतर नसतंच. मग "पुढे जाऊन भरू" हे वाक्य बोलायच्या आधी फोन करून खात्री करायची, एवढं साधं आहे पण तेच राहतं.

आणि एककं! काठीवर लिटर, मॅन्युअलमध्ये गॅलन, वजनाच्या शीटमध्ये पाउंड नाहीतर किलो. १९८३ च्या जुलैमध्ये एअर कॅनडाचं अख्खं बोइंग ७६७ याच गोंधळात हवेत कोरडं झालं होतं. किलोच्या जागी पाउंडाचा आकडा वापरून गुणाकार केला आणि लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी घेऊन निघाले, मग गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर ग्लायडरसारखं उतरवलं, ६९ च्या ६९ माणसं वाचली. दोन कसलेले पायलट, जमिनीवरचा स्टाफ, सगळ्यांनी आकडा पुन्हा पुन्हा तपासला होता, पण तपासताना तोच चुकीचा गुणक वापरला. म्हणून माझ्याकडे दुसऱ्याने तपासायचं म्हणजे पहिल्याचा कागद न बघता तपासायचं.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण वरचं सगळं दुसऱ्यांचं झालं. बरीच वर्षं झाली, मी एका मुलीला घेऊन क्रॉस कंट्रीला निघालो होतो, तीन तासांची फेरी. टाक्या भरून घेतल्या, ती शिडीवर चढून काठी बुडवून आली, फुल. मी खालूनच विचारलं, "कॅप लावल्या?" ती म्हणाली, "हो सर." ती लावूनच आली होती, पण उजवीकडची तिरकी बसली होती, हाताला घट्ट लागते आणि खाली रबर बसलेलं नसतं अशी. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्यावरच तर विमान उडतं, आणि कॅप सैल असेल तर तोच कमी दाब टाकीतून पेट्रोल ओढून बाहेर काढतो, थेंब थेंब नाही, धार.

उडून ३५ मिनिटं झाली असतील. ती म्हणाली, "सर, मागच्या कडेवरून धूर येतोय का?" मान वळवून बघितलं तर फ्लॅपच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्टीच्या, कडेवरून बारीक फवारा, आणि पत्र्यावर निळसर ओघळ. काटे बघितले, दोन्ही अर्ध्याच्या वरच नाचत होते. ती जर बोलली नसती, सरांना काय वाटेल म्हणून गप्प बसली असती, तर मी काट्याकडे बघून पुढे गेलो असतो. जवळच्या स्ट्रिपवर उतरलो तेव्हा हवेत ५५ मिनिटं झाली होती. हिशेबाने १८ गॅलन उरायला हवं होतं. काठी घातली, ९ सुद्धा धड नव्हतं. डावीकडची कॅप घट्ट होती, पण १५२ च्या दोन्ही टाक्या एकत्रच जोडलेल्या, त्यामुळे तीही उतरलेली. तीन तासांच्या फेरीतले आम्ही दीड-पावणेदोन तासही पूर्ण केले नसते, आणि त्या वेळी खाली घाटाचा भाग आला असता.

चूक त्या मुलीची नव्हती, माझी होती, मी विचारलं आणि बघितलं नाही. तेव्हापासून शेवटची कॅप मी स्वतः हात लावून बघतो, कितीही घाई असो, आणि माझ्याबरोबर उडणाऱ्या मुलांना सांगून ठेवलंय की काहीही वेगळं दिसलं तर आधी बोलायचं, बरोबर की चूक ते नंतर ठरवू.

बोलण्यावरून आठवलं. १९९० च्या २५ जानेवारीला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या अॅव्हिआंका या विमान कंपनीचं बोइंग ७०७ इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. खराब हवेमुळे त्यांना घिरट्या घालत थांबवून ठेवलं होतं. इंधन कमी होतंय हे ते बोलत होते, पण ज्या शब्दांनी कंट्रोलरला कळतं की आता दुसरं काही नाही, यांना आधी उतरवा, ते इमर्जन्सी आणि मेडे हे शब्द रेडिओवर आलेच नाहीत. छोट्या विमानातली मुलं तर अजूनच लाजतात, वाटतं की आपण मेडे म्हटलं आणि दोन गॅलन उरलेलं निघालं तर चौकशी होईल. होऊ दे की चौकशी.

आता दुसरा प्रश्न, विमान दगडासारखं पडतं का. नाही. इंजिन बंद पडलं की विमानाचं ग्लायडर होतं. १५२ चं नाक जरा खाली ठेवून ६० नॉटचा वेग धरला तर दर हजार फुटाला ते साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. ४००० फुटांवर असाल तर दहा-अकरा किलोमीटरच्या टापूतलं कुठलंही शेत तुमचं. मराठवाड्यात उन्हाळ्यात नांगरून ठेवलेली रानं म्हणजे देवाची देणगी, उसाचा फड आणि द्राक्षाची बाग मात्र टाळायची, बागेत तारा असतात. पण हेच इंजिन ५०० फुटांवर बंद पडलं तर तुमच्याकडे पाऊण मिनिट असतं. पाऊण मिनिटात शेत निवडायचं, वेग धरायचा, सिलेक्टर बघायचा, मेडे द्यायचा, दार उघडून ठेवायचं. सगळं होत नाही. म्हणून क्रम पक्का लागतो, आधी नाक आणि वेग, मग जागा, मग हात पोचला तर सिलेक्टर, आणि उरलं तर रेडिओ.

डेन्व्हरच्या बाबतीत मला राहून राहून हेच वाटतं. लाँग-ईझी ग्लाइड करायला उत्तम विमान आहे, पुढचा छोटा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे वजन उचलून धरायचं सोडतो, त्यामुळे नाक आपोआप खाली येतं आणि साध्या चुका ते पोटात घालतं. आवाज गेला तेव्हा त्याने दांड्याचा नाद सोडून फक्त विमान सरळ धरलं असतं तर तो समुद्रातच उतरला असता, विमान मोडलं असतं, पाणी थंड होतं, पण किनारा जवळ होता आणि लोक बघत उभे होते. वाचलाच असता असं मी म्हणणार नाही, संधी मात्र होती. पण इतके तास उडालेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली असणार, मागे पेट्रोल आहे, फक्त फिरवायचंय. मला सुद्धा तेच आलं असतं, म्हणून तो क्रम मी अजूनही दर महिन्याला स्वतःवर घोटतो.

एक अजून विचारतात लोक, तपास करणाऱ्यांना कसं कळतं पेट्रोल नव्हतं ते. जमिनीवर पडलेल्या विमानाजवळ गेलं की पहिली गोष्ट म्हणजे वास. एव्हगॅसचा वास नाही, आग नाही, टाक्या फाटलेल्या नाहीत तरी आत थेंब नाही, पंख्याची पाती फिरताना लागल्यासारखी वळलेली नाहीत. आग लागत नाही म्हणून या अपघातांत बऱ्याचदा माणसं जिवंत बाहेर येतात, आणि मग पहिलं वाक्य ठरलेलं असतं, काटा तर पाव दाखवत होता.

ज्यांची मुलं फ्लाइंगला जाणार आहेत त्यांनी विचारलं होतं की शाळा निवडताना काय बघावं. विमानं किती नवी आहेत ते सगळेच बघतात. तुम्ही सकाळी लवकर जाऊन उभे राहा आणि मुलं शिडी घेऊन पंखावर चढतात का ते बघा, हातात काठी असते का, खाली निचरा करून बाटलीत पेट्रोल उजेडात धरून पाणी बघतात का, पावसाळ्यात तर हे बघाच. आणि इन्स्ट्रक्टर त्यांच्या मागे उभा असतो की ऑफिसात चहा पीत असतो तेही.

माझ्याकडे सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायच्या आधी एक परीक्षा आहे, ती कुठल्या पुस्तकातली नाही. १७२ चा सिलेक्टर दोन सीटच्या मध्ये खाली जमिनीवर असतो. विमान हँगरमध्ये, इंजिन बंद, मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधतो, एक हात कंट्रोलवर आणि पाय पेडलवर ठेवायला सांगतो आणि म्हणतो, डावी. उजवी. दोन्ही. हात बरोबर जागी जायला पाहिजे आणि पाय पेडलवर हलता कामा नयेत. बहुतेकांचे पहिल्या वेळी हात बरोबर जातात, पाय मात्र हलतात.